बालरोग वॉर्डात पहिल्यांदा सलाईन लिहिताना

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर, होते तेव्हाची गोष्ट. जुलै, वॉर्ड तुडुंब. न्यूमोनियाचं एक पोर, वजन १२ किलो, ऑक्सिजनवर, तोंडाने काहीच घेत नव्हतं. मी पाठ असलेलं ४-२-१ चं सूत्र लावलं (पहिल्या १० किलोंना ताशी किलोमागे ४ मिली, पुढच्या १० ला २, त्यापुढे १): ताशी ४४ मिली. मायक्रोड्रिप या बारीक थेंबांच्या नळीचे ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून मिनिटाला ४४ थेंब. सलाईन लिहिलं एन-बाय-फाइव्ह, म्हणजे नेहमीच्या सलाईनच्या पाचवा हिस्साच मीठ असलेलं, कारण आधीच्या केसपेपरवर तेच दिसलं होतं.

दुसऱ्या रात्री पोराला आकडी आली. रक्तातलं सोडियम १२२, म्हणजे फारच कमी. सीनियर मॅडमनी ३ टक्क्यांचं, जास्त मिठाचं सलाईन दिलं, आकडी थांबली, पोर सावरलं. त्या ओरडल्या नाहीत. "सकाळी सोडियम पाठवलं होतंस का गं?" एवढंच विचारलं. मी पाठवलं नव्हतं.

सूत्र हॉलिडे आणि सेगर यांचं, १९५७ सालचं; ४-२-१ हे त्याचंच तासाचं रूप. पहिल्या १० किलोंना दिवसाला किलोमागे १००, पुढच्या १० ला ५०, त्यापुढे २० मिली. पण न्यूमोनिया, ब्रॉन्किओलायटिस (बारीक श्वासनलिकांची सूज), मेंदूज्वर, उलट्या, ऑपरेशननंतरची वेदना यांत शरीर गरज नसताना एडीएच हे लघवी कमी करणारं संप्रेरक सोडतं. मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं. त्यात एन-बाय-फाइव्हमध्ये लिटरला सोडियम जेमतेम ३१ मिलीइक्विव्हलंट (क्षार मोजायचं एकक), रक्तात हवं १३५ ते १४५. साठलेल्या पाण्याने सोडियम पातळ होतं आणि मेंदू सुजतो. मुलांच्या कवटीत सुजेला जागा कमीच.

म्हणूनच अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये २८ दिवस ते १८ वर्षे वयासाठी आयसोटोनिक (रक्ताइतक्याच क्षारांचं) सलाईन, सोबत डेक्स्ट्रोज ही साखर आणि पोटॅशियम, असं सांगितलं. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे आजार, कर्करोग, मेंदूची शस्त्रक्रिया, मोठं भाजणं, जोराचे जुलाब यांचा हिशेब त्यात धरलेला नाही. युरोपीय बाल-अतिदक्षता तज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशी आणखी पुढे जातात: एडीएच वाढण्याचा धोका असेल तर सूत्राच्या ६५ ते ८० टक्केच द्या, हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होत असेल तर ५० ते ६०.

माझ्या त्या पोराला ७० टक्के म्हणजे दिवसाला ७७० मिली पुरले असते. त्यातूनही औषधांचं पाणी वजा करायचं, आणि नवे डॉक्टर हमखास विसरतात ते हेच. अँटिबायोटिक २० मिलीत, दिवसातून तीनदा: ६०. शिरेतून पॅरासिटामॉल १८ मिली, चारदा: ७२. वर प्रत्येक डोसनंतरचं फ्लश, म्हणजे नळी धुवायला सोडलेलं सलाईन. सिस्टरना विचारा, कशात किती मिसळतात ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पोटॅशियम लघवी झाल्याची खात्री करूनच घाला. केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइडच्या) १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हलंट असतात; बाटली नीट हलवा, कधीही थेट शिरेत देऊ नका. रोज वजन, सोडियम, साखर. डायपरही तोलून घ्या. पावसाळ्यात डेंग्यूचं पोर आलं तर त्याच्या रक्तवाहिन्यांतून गळणाऱ्या प्लाझ्माचा (रक्तातल्या द्रवाचा) हिशेब वेगळा असतो, हे सूत्र तिथे लावू नका.

आणि राउंडला रोज विचारा, सलाईन अजून हवंच आहे का? आईने चमच्याने भरवलेली पेज पोटात टिकली, की त्याच दुपारी थेंब कमी करायला घ्या.