पट्टा बांधायच्या आधी नळी बघा: मणक्याच्या इजेनंतर घरच्या घरी बायोफीडबॅक

छातीला पट्टा बांधायचा, मोबाईलला जोडायचा आणि पडद्यावरची ठोक्यांची रेघ बघत सावकाश श्वास घ्यायचा. बायोफीडबॅक म्हणजे एवढंच. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात आंब्यावरून पडलो आणि माझा मणका टी-४ ला, म्हणजे छातीच्या मणक्यांतल्या वरून चौथ्याला, गेला. नंतर रात्री-अपरात्री जीव घाबरा व्हायचा, त्यावर मला याचा गुण आला. पण सल्ले मिळतात ते सगळे चालत्या माणसांसाठीचे.

मनगटी घड्याळ नको, दोन ठोक्यांमधलं अंतर ते नीट पकडत नाही. छातीचा पट्टाच घ्या. बोटांचा घाम मोजणारं यंत्र कोणी गळ्यात मारलं तर परत करा. इजा मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात असेल तर घामाचा निरोप बोटांपर्यंत धड पोचत नाही. रेघ सपाट राहते आणि यंत्र म्हणतं, काय शांत आहात! हृदय मंद करणारी व्हेगस नस मात्र मणक्यातून न जाता थेट मेंदूकडून येते, म्हणून ठोक्यांवर भिस्त ठेवायची.

पट्टा बसतो तिथे मला स्पर्शच कळत नाही. तुमचंही तसं असेल तर सोडल्यावर आरशात कातडी बघा. लाल वळ दिसला तर तो जाईपर्यंत सुट्टी.

श्वास मिनिटाला सहाच्या आसपास: चार सेकंद आत, सहा बाहेर. ‘पोट आत ओढून श्वास सोडा’ हे विसरा, पोटाचे स्नायू आपलं ऐकत नाहीत. जोर लावला की मान-खांदेच आखडतात. चहावर फुंकर घालतो तेवढ्या हलक्या ओठांनी हवा जाऊ द्या. साडेसहा, सहा, साडेपाच अशा गती तीन-तीन मिनिटं करून बघा. ज्या गतीत रेघेचा चढ-उतार सगळ्यात मोठा, ती तुमची. ओठांना मुंग्या आल्या तर श्वास फार खोल चाललाय, थांबा. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं.

आता जिथे मी फसलो ते. पहिल्याच पावसाळ्यात, लाईट गेलेली, मला धडधडून घाम फुटला. नेहमीची घाबरगुंडी समजून पट्टा बांधला. ठोके ७२ वरून ५४ वर उतरले, पडद्यावर हिरवा रंग आला, मी खूश. डोकं मात्र फुटायला आलेलं. बायको बॅटरी घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, तोंड बघा केवढं लाल झालंय!” मांडीखाली लघवीच्या नळीला पीळ पडला होता.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर हा धोका असतो. खाली कुठेतरी काही टोचतं-तुंबतं, बीपी भडकतं आणि ते आवरायला व्हेगस ठोके मंद करते. म्हणजे मोबाईल ज्याला शाबासकी देतो तीच धोक्याची खूण असू शकते. काहींचे ठोके उलट वाढतात, म्हणून ठोक्यांवरून निदान करूच नका.

म्हणून माझा नियम: आधी नळी, मग बीपी, मग पट्टा. अशा इजेत नेहमीचं बीपी कमीच असतं. माझं १००/६० असतं. त्यामुळे १३० चा आकडा दुसऱ्याला बरा वाटेल, माझ्यासाठी तो भोंगा आहे. वरचा आकडा नेहमीपेक्षा २० ते ४० ने चढला, डोकं ठणकतंय, तर श्वासाचा खेळ तिथेच बंद. ताठ बसा, पाय खाली सोडा, आडवं अजिबात व्हायचं नाही. छातीचा पट्टा, पोटपट्टा, बूट सैल करा. नळीचा पीळ काढा, पिशवी रिकामी करा. नळी नसेल तर लघवी काढा. शौच तुंबलंय का, कुठे जखम झालीय का, तेही बघा. दर दोन-तीन मिनिटांनी बीपी घ्या. उतरत नसेल तर १०८.

गाडीतल्या माणसाला हा आजार ठाऊक असेलच असं धरू नका, आणि त्या घाईत माझी कानडी तर पार पळते. कानडी शाळेत जाणाऱ्या लेकीकडून मी एक चिठ्ठी लिहून घेतलीय: इजा टी-४, नेहमीचं बीपी १००/६०, आडवं झोपवू नका. खाली तेच इंग्रजीत. ती व्हीलचेअरच्या पाठीला प्लॅस्टिकमध्ये घालून बांधलीय.