पाऊस उघडला, आता रानातल्या ओलीचा हिशोब लावा

पाऊस उघडला की सगळे आधी विहिरीत डोकावतात, पण खरं तर आधी मातीत हात घालायला पाहिजे, कारण पुढचे काही दिवस पीक त्या ओलीवरच निघणार आहे. एक मिमी पाऊस म्हणजे एकराला साधारण 4 हजार लिटर पाणी, म्हणजे 50 मिमी पडला तर 2 लाख लिटर झालं की हो! यातलं काही वाहून गेलं, काही उडून गेलं, काही मुरलं, आणि मुरलेल्यातलं मुळांच्या टप्प्यात जेवढं थांबलं तेवढंच पिकाचं, बाकीचं खाली भूजलात.

किती थांबतं ते मातीवर आहे. पिकाला उचलता येईल असं पाणी वाळूच्या जमिनीत एक मीटर खोलीला 25 ते 100 मिमी, मध्यम जमिनीत 100 ते 175 आणि भारी जमिनीत 250 पर्यंत असतं. पण भारी जमीन पाणी पिते फार हळू, तासाला जेमतेम 1 ते 5 मिमी, त्यामुळे धो धो पाऊस अर्ध्या तासात पडून गेला तर पर्जन्यमापकातल्या आकड्यावर खूश होऊ नका, त्यातलं बरंच बांधावरून निघून गेलेलं असतं.

आता हिशोब असा. समजा मध्यम जमीन आहे, मीटरला 140 मिमी धरते आणि मुळं अर्धा मीटर गेलीत, म्हणजे हाताशी 70 मिमी. त्यातलं निम्मं संपलं की बहुतेक पिकं ताणावर जायला लागतात, म्हणजे वापरायला 35 मिमीच राहिले, आणि उन्हाच्या दिवसात वाढीतलं पीक रोज 5 मिमीच्या आसपास ओढतं. सात दिवस झाले की पाणी द्यायला हवं. ढगाळ असेल तर जास्त दिवस निघतील, वारा सुटला तर कमी.

आकड्यांवर भरवसा नसेल तर पहारीनं फूटभर खड्डा घ्या आणि तळाची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर चपटा झाला तर अजून थांबा, गोळा होतो पण लगेच फुटतो तर पाण्याची तयारी करा, गोळाच होत नसेल तर उशीर झालाय. वाळूच्या जमिनीला ही परीक्षा तेवढी लागू पडत नाही, तिथं दिवस मोजलेलेच बरे. वरची माती बघून मात्र ठरवू नका, वर पांढरी पडलेली जमीन खाली चांगली ओली असू शकते.

वाफसा आला, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी झाली, की लगेच कोळपणी करून घ्या, म्हणजे ओळींमधली वरची माती हलवून मोकळी करा. वरचा थर मोकळा झाला की खालची ओल वर ओढली जाणं कमी होतं, आणि भारी रानात भेगा बुजतात, नाहीतर एकदा भेग रुंद झाली की हवा खोलवर शिरून ओल घेऊन जाते. पालापाचोळा असेल तर पेटवू नका, ओळींमध्ये पसरा.

विहिरीचं म्हणाल तर पाऊस थांबल्यावरही काही दिवस पातळी चढत राहू शकते, कारण मुरलेलं पाणी खाली सावकाश पोचतं. आठवड्यातून एकदा, सकाळी मोटर चालू करायच्या आधी, दोरीला दगड बांधून मोजा आणि लिहून ठेवा. पृथ्वीवरचं 97 टक्के पाणी खारं आहे, गोड्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलंय, आणि राहिलेल्यातलं जवळपास सगळं जमिनीखाली आहे, नद्या-तलाव त्यापुढे किरकोळच. हवेतली वाफ सरासरी 9-10 दिवसांत पाऊस होऊन खाली येते (आपल्याच रानात येईल याची गॅरंटी नाही!), भूजल मात्र भरायला वर्षं लागतात, खोल बोअरचं तर काही ठिकाणी हजारो वर्षांपूर्वीचं असतं. म्हणून मातीत ओल असताना मोटर बंदच ठेवा. जादा पाण्यानं युरियातलं नत्रही मुळांखाली धुऊन जातं, खताचा हप्ता आणि मोठं पाणी एकाच दिवशी देऊ नका.