रात्रीत काटा उतरतोय? पाना नंतर, साबणाचं पाणी आधी

जांबोटीला मामेभावाच्या दारात गाडी लावली तेव्हा ब्रेकच्या हवेचे दोन्ही काटे, पुढच्या ब्रेकचा आणि मागच्या, आठवर होते. सकाळी मागचा काटा दोनवर. हवा कमी झाल्याचा बझर कोकलतोय, हॅन्डब्रेक सुटत नाही. मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक हवेनंच सुटतो, हवा नाही तर चाकं जखडलेलीच. आणि गाडी नेमकी गोठ्याच्या तोंडाशी, म्हशी आत.

आमची गाडी म्हणजे जुनी डिझेल बस. सीटा काढून आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवलीय. सौंदत्तीला, पंढरपूरला घरची सगळी त्यातच. अशा गाडीत हवा गळते ती बहुतेक कंपनीच्या पाइपातून नाही, मागाहून कुणीतरी जोडलेल्या जोडातून. म्हणून सगळे नट आवळत सुटू नका.

सपाट जागेवर गाडी लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. हवा पूर्ण भरली की ड्रायरमधून, म्हणजे हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्यातून, 'फुस्स' होतं. मग इंजिन बंद, हॅन्डब्रेक सोडा, पॅडलवर पाय नको, पाच मिनिटं काटे बघा. नंतर पॅडल दाबून धरा. दाबल्या दाबल्या काटा थोडा पडतो, ते बरोबर आहे, हवा बूस्टरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्यात जाते. त्यानंतरही उतरत राहिला तर बूस्टरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), पॅडलखालचा फूट व्हॉल्व किंवा तिकडच्या पाइपात दोष. हॅन्डब्रेक सोडल्यावरच उतरत असेल तर स्प्रिंग ब्रेकची बाजू. कसंही ठेवलं तरी उतरतोय, तर टाकी आणि तिच्यावरचे जोड. दोनपैकी कुठला काटा पडतो ते बघितलं की अर्धी गाडी शोधायची वाचते.

आता साबण. भांड्याचा साबण पाण्यात जाडसर कालवा, रंगाच्या ब्रशनं एकेका जोडाला लावा. मोठी गळती कानाला कळते, बारीक गळतीला साबूदाण्याएवढे बुडबुडे येतात, एकाला एक चिकटून, सावकाश. माझ्याकडे ते एअर हॉर्नच्या टी-जोडावर, म्हणजे तीन तोंडांच्या जोडावर आले. बॉडी बांधणाऱ्यानं हॉर्नची लाइन थेट मागच्या ब्रेकच्या टाकीवरून घेतलेली, तीही निळ्या पीयू (पॉलियुरेथेन) पाइपनं! बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशीनला असतो तसला. तो तिथं ठीक आहे, सायलेन्सरच्या उष्णतेशेजारी मऊ पडतो. ब्रेकच्या लाइनला ब्रेकचाच नायलॉन पाइप घ्या, जुना तुकडा दुकानात दाखवून, त्याच मापाचा.

काम करण्याआधी टाक्यांची हवा त्यांच्या तळाच्या ड्रेन व्हॉल्वच्या रिंगा ओढून पूर्ण सोडा. पाणी निघेल, आमच्या खानापूरच्या पावसात तर जास्तच. पाइप नव्या ब्लेडनं काटकोनात कापा. हॅक्सॉनं कडेला कुसं राहतात, तीच व्हॉल्वमध्ये जाऊन बसतात. आधी नट, मग पितळी रिंग चढवा, टोकात पाइपाला आतून आधार देणारी छोटी नळी घाला, जोडात तळापर्यंत सरकवून आवळा. रिंगेवर टेप गुंडाळू नका. माझ्या टी-जोडावर कुणीतरी पाच वेढे मारलेले, बुडबुडे त्याखालूनच. पाइप ताणून बसवू नका. चेसिसला घासेल तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून केबल टायनं बांधा. तारेनं बांधलं की सहा महिन्यांत तिथंच चीर.

स्प्रिंग ब्रेकचा डबा मात्र घरी उघडायचा नाही. आतली स्प्रिंग एवढ्या जोरानं दाबलेली असते की झाकण सुटलं तर माणूस जिवानिशी जातो. ड्रायरच्या खालून हवा सारखी जात असेल तर तेही पाइपाचं काम नाही, ब्रेकवाल्याकडे न्या.

हॉर्नची लाइन मी काढूनच टाकली, त्या तोंडाला प्लग मारला. हवा भरून परत साबण, आणि रात्रभर गाडी उभी. सकाळी दोन्ही काटे सातच्या वर. तरी भाऊ अजून गाडी गोठ्यापुढं लावू देत नाही बघा.