बुजऱ्या घोडीला रस्त्यावर काढण्याआधी

हेल्मेट, टाचेचे बूट, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) तपासणं, हे सांगायला नको. दोर हाताला गुंडाळू नका, घोडी उधळली की बोटं जातात.

आधी दुखणं बघा. पाठीवर बोटं दाबत न्या. कातडी थरथरली, पाठ खाली गेली, तर खोगीर टोचतंय. दात पशुवैद्यांकडून तपासून घ्या. हे सोडून शिकवायला बसलात तर महिने वाया.

आता मुद्द्याचं. जे दाखवाल ते दोन्ही बाजूंनी दाखवा. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेल्या माझ्या काठेवाडी घोडीला मी तीन आठवडे निळी ताडपत्री दाखवली, रोज डावीकडून, कारण आपण धरून चालतो डावीकडे आणि चढतोही डावीकडूनच. शेवटी तिनं ताडपत्रीवर पाय ठेवला, मी खूश. पहिल्या फेरीला जाताना एका शेडवरची ताडपत्री डावीकडे फडफडत होती, घोडीनं ढुंकूनही पाहिलं नाही. परतताना तीच ताडपत्री उजवीकडे आली. घोडी चौखूर घरी, मी काट्यांत, मनगट प्लॅस्टरमध्ये. घोड्याला जवळपास साडेतीनशे अंशांतलं दिसतं, पण त्यातलं बरंचसं एकेकाच डोळ्यानं. डावीकडून सरावलेली वस्तू उजवीकडून नवीच वाटू शकते. म्हणून पिशवी, छत्री, मोटरसायकल, खरारासुद्धा: डावीकडून झालं की उजवीकडून पहिल्यापासून. अर्धं नाही, पहिल्यापासून!

वस्तू लांब धरा. मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, कान ताठ, की तिथंच थांबा. काठेवाडीचे कान टोकाशी जवळजवळ भिडतात, नवख्याला ते कायम टवकारलेलेच वाटतात. महिनाभर नुसते बघा. मान खाली आली, जिभेनं ओठ चाटले, की वस्तू लगेच मागे घ्या. घोडी मागे सरत असताना मागे घेतलीत तर पळालं की सुटका होते, हेच ती शिकते. पंधरा-वीस मिनिटं पुरे. आज जमतंय म्हणून ताणू नका.

पाठीवर बसायच्या आधी लगामानं मान वळवून थांबायला शिकवा. दोन्ही बाजूंना, हो, परत तेच.

पहिल्या फेऱ्यांना शांत म्हातारा घोडा सोबत घ्या. वरातीच्या मोसमात गावाकडे नको. जवळचाच रस्ता, चालच, दौड नाही. आणि निघण्याआधी तोच रस्ता दोर धरून पायी जाऊन या. परतसुद्धा.