नाट्यसंग्रह विकत घेतला, प्रयोग नव्हे

एकांकिका स्पर्धेच्या तारखा लागल्या की नाटकाच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘संहिता आहे का कुणाकडे?’ मग कुणीतरी आजच्या एखाद्या नाटककाराचा संग्रह काढतं. त्यातली सगळ्यात आटोपशीर एकांकिका निवडली जाते, वाचन होतं, चहा होतो, भूमिका वाटल्या जातात. सहा वर्षांपूर्वी मीही हेच केलं. पाच आठवडे तालमी झाल्या, प्रयोग झालाच नाही. आमच्यातला एक नट अजून माझ्याशी धड बोलत नाही.

ब्लॉकिंग (कुणी कुठे उभं राहायचं, कसं हलायचं), तालमीचं वेळापत्रक, नेपथ्याचा खर्च हे तुम्हाला ठाऊक असणारच. ते सोडते. मी जिथे आपटले, तेवढंच सांगते.

संग्रह उघडला की सुरुवातीलाच आवृत्ती, मुद्रक, किंमत असलेलं एक पान असतं. तिथे बारीक टायपात छापलेलं असतं की प्रयोगाचे, रूपांतराचे, भाषांतराचे हक्क लेखकाकडे आहेत आणि त्यासाठी लेखी पूर्वपरवानगी लागते. मी ते वाचलं होतं. वाचूनही फसले, कारण ‘पूर्व’ या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही. परवानगी म्हणजे प्रवेशिकेसोबत शेवटी जोडायचा एक कागद, अशी माझी समजूत. शिवाय आमचे एक ज्येष्ठ म्हणाले होते, ‘छापलंय म्हणजे करायलाच छापलंय. लेखकाचं मी बघतो.’ ‘मी बघतो’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांबद्दल माझं मत तेव्हापासून फार वाईट आहे.

एकांकिकेत तीन स्त्री-भूमिका, आमच्याकडे मुली दोन. एक मावशी होती. चोवीस पानांत तिची सात वाक्यं, बाकी वेळ ती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते. आम्ही मावशी काढली, तिची वाक्यं दोघींत वाटून टाकली. वर चार मिनिटं वाचली म्हणून खूश. प्रयोगाला आठ दिवस उरले तेव्हा ती कापलेली प्रत लेखकाकडे पाठवली.

तिसऱ्या दिवशी लेखकाचा फोन आला. आवाज अगदी शांत. ‘तुमच्या प्रतीत मावशी दिसत नाही.’ मी अडचण सांगितली. ते म्हणाले, ‘शेवटी सगळे भांडून आत जातात तेव्हा स्टेजवर कोण उरतं?’ मी पुस्तक उघडलं. शेवटची ओळ संवादाची नव्हे, रंगसूचनेची (स्टेजवर काय घडतं ते सांगणारी) होती : ताटात तांदूळ पडल्याचा आवाज. आमच्या प्रतीत त्या जागी नुसता अंधार होता. या प्रतीला त्यांनी परवानगी दिली नाही. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण चूक माझी होती आणि उरलेल्या दिवसांत नवी मावशी उभी करणं मला जमलं नाही.

आता कायद्याचं थोडं, कारण इथे अफवा फार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांची नाटकं खुशाल करा. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत विचारायचं. विजय तेंडुलकर २००८ मध्ये गेले, तिथे २०६८ पर्यंत. हयात लेखकाच्या संग्रहाबाबत तर प्रश्नच नको. शेक्सपिअर मोकळा आहे, पण तुमच्या हातातला मराठी अनुवाद कदाचित नसेल. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे. हौशी मंडळाच्या विनातिकीट प्रयोगालाही आहे. तिकीट लावलं की ही सवलत गेली, आणि कायदा काहीही म्हणो, स्पर्धेच्या नियमात लेखकाचं पत्र मागितलं असेल तर ते द्यावंच लागतं. त्याच कायद्याचं ५७ वं कलम लेखकाच्या कृतीच्या मोडतोडीबद्दल आहे, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. नावं बदलून ‘आधारित’ लिहिण्याची युक्ती सुचवणारे भेटतील. ती चोरीच आहे, फक्त घाबरत केलेली.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट. ते मिळालं म्हणजे लेखकाची परवानगी मिळाली असं होत नाही. तिथेही जी संहिता देता तीच सादर करायची असते, त्यामुळे काटछाट त्याआधी पक्की हवी.

घाबरून मात्र जाऊ नका. बहुतेक लेखकांना आपलं नाटक कुणीतरी करतंय याचा आनंदच होतो. नंबर मिळत नसेल तर प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाका, ते पुढे पाठवतात. पत्रात मंडळाचं नाव, गाव, तारीख, किती प्रयोग, तिकीट आहे की नाही आणि मानधन किती देऊ शकता हे स्वच्छ लिहा. मानधनाचा आकडा लाजून गाळू नका, कमी असेल तर कमी लिहा. बदल हवे असतील तर पान क्रमांकासह लिहा : अमुक पानावरची ही चार वाक्यं, या कारणासाठी. ‘किरकोळ बदल’ असं लिहिलंत तर तुमचं किरकोळ आणि त्यांचं किरकोळ कधीच जुळणार नाही. आणि हे सगळं भूमिका वाटायच्या आधी. दोन आठवडे उत्तराची वाट बघावी लागली तर तेवढ्यात संग्रहातली दुसरी एकांकिका मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. मनात वाचताना विराम लागत नाहीत, म्हणून सगळंच पाऊण तासाचं वाटतं.

पात्रसूचीवर पेन्सिलने खुणा करताना कमी बोलणाऱ्या पात्रांच्या रंगसूचना आधी वाचा. मी तर आता फक्त त्याच वाचून एकदा संपूर्ण नाटक संपवते, संवाद झाकून.

पुढच्या वर्षी त्याच लेखकाला त्याच एकांकिकेसाठी पुन्हा लिहिलं, चार महिने आधी, मावशीसकट. पत्र दहा दिवसांत आलं. खाली शाईने एक ओळ जास्तीची होती : ‘तांदूळ खरे घ्या, थर्माकोलचे वाजत नाहीत.’ ते मूळ पत्र मी स्पर्धेच्या टेबलावर दिलं आणि परत मिळालं नाही. तुम्ही झेरॉक्स द्या.