दा नांग की होई आन? राहायचं कुठे

व्हिएतनामचं बुकिंग करताना सगळ्यांचं गाडं इथेच अडतं. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम 30 किलोमीटर, कॅबने पाऊण-एक तास, त्यामुळे दोन्ही बघून होतात, प्रश्न फक्त मुक्कामाचा आहे. विमानतळ आणि रेल्वे स्टेशन दा नांगलाच आहे, होई आनला दोन्ही नाही. सोबत लहान मुलं किंवा आई-बाबा असतील, इंडियन जेवण, लिफ्टवालं हॉटेल आणि समोर ‘मी खे’ (My Khe) नावाचा बीच हवा असेल तर सरळ दा नांग घ्या आणि शनिवार-रविवार धरा, रात्री नऊला ड्रॅगनच्या आकाराचा ड्रॅगन ब्रिज खरोखर आग ओकतो.

पण माझं मत विचाराल तर निदान दोन रात्री होई आनला काढाच. जुनं बंदर, जपानी-चिनी व्यापाऱ्यांचं, नदी गाळाने भरत गेली आणि व्यापार दा नांगला सरकला, नवं बांधकाम फारसं झालं नाही, म्हणून जुन्या गावातली पिवळी घरं वाचली, 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. दिवसा टूरच्या बसेस भरून येतात, नुसता धक्काबुक्कीचा प्रकार, म्हणून सकाळी सातच्या आत चक्कर मारा, दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, काओ लाउचे जाड नूडल्स खाऊन परत (व्हेज लोकांनी आधी विचारा, त्यात पोर्क असतं). कपडे शिवून घ्यायचे तर माप पहिल्याच दिवशी द्या, फिटिंगला परत जावं लागतं.

आणि हो, दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या थू बोन नदीचं पाणी तिथल्या जुन्या गावात शिरतं, तेव्हा रिफंडेबल बुकिंगच करा.