हलका कॅम्पिंग स्टोव्ह: आधी इंधन ठरवा, मग बर्नर

स्टोव्ह घेताना नजर पहिल्यांदा जाते ती वजनाच्या आकड्यावर. पंचवीस ग्रॅमचा बर्नर तळहातावर ठेवला की घ्यायचं ठरलंच. पण तो एकटा काही उकळत नाही. त्याच्यासोबत इंधन येतं, इंधनाची डबी येते, भांडं, आडोसा, लायटर येतो आणि पाठीवर बसतं ते हे सगळं मिळून. त्यामुळे सुरुवात बर्नरपासून नको, पाण्यापासून करा.

पाण्याचा हिशोब

रोज किती पाणी उकळायचंय, किती माणसांसाठी आणि किती दिवस, एवढं कागदावर मांडा. गरम पाणी ओतून खायचे तयार पदार्थ आणि दोन वेळचं गरम पेय असेल, तर एका माणसाला दिवसाला सुमारे दीड लिटर पुरतं. पिण्याचं पाणीही उकळूनच घ्यायचं असेल तर आकडा बराच वाढतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर जवळपास दुप्पट इंधन धरा. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं.

इंधन निवडा

गॅस: आट्यांच्या व्हॉल्व्हची डबी, तिच्यावर थेट फिरवून बसवायचा बर्नर. डब्या साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅम गॅसच्या मिळतात. ज्योत हवी तशी कमी-जास्त होते, काजळी धरत नाही, शिकायला काही लागत नाही. पहिला स्टोव्ह घेणाऱ्याने फार विचार न करता हाच घ्यावा. वारा नसताना एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो.

स्पिरिट: पत्र्याची वाटी म्हणावी एवढाच स्टोव्ह, १५-२० ग्रॅमचा, त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. पण वजनास वजन धरलं तर स्पिरिटमध्ये गॅसच्या जेमतेम साठ टक्के उष्णता असते. लिटरला ३५ मिलीच्या आसपास लागतं आणि वेळही दुप्पट जातो. ज्योत बंद करायला कॉक नसतो, म्हणून वणव्याच्या दिवसांत अनेक ठिकाणी या स्टोव्हला मनाई असते.

पेट्रोलसारखं द्रव इंधन किंवा रॉकेल: पंप मारायचा, बर्नर आधी तापवायचा, मग पेटवायचा. ही रीत १८९२ सालच्या स्वीडिश प्रायमसपासून चालत आली आहे आणि पिन मारण्याची कटकटही. पंप-बाटलीसह वजन अर्ध्या किलोच्या घरात जातं. कडाक्याची थंडी, मोठा गट, लांबचा मुक्काम असेल तरच याच्या वाटेला जा.

घन इंधनाच्या वड्या: खिशात मावतात, भांड्याखाली चिकट काजळी सोडतात, वास येतो. जास्तीची सोय म्हणून ठीक.

आता वजनं जुळवा

एकटा माणूस, दोन दिवस, तीन लिटर पाणी. गॅसची १०० ग्रॅमची भरलेली डबी सुमारे २०० ग्रॅम भरते, कारण रिकामी डबीच जवळपास १०० ग्रॅमची असते. ७५ ग्रॅमचा बर्नर धरला तर २७५ ग्रॅम. स्पिरिट १०५ मिली म्हणजे ८४ ग्रॅम. बाटली, स्टोव्ह, आडोसा मिळून आणखी ४५. झाले १३० ग्रॅम. इथे स्पिरिट सरळ जिंकतं.

तोच माणूस दहा दिवस निघाला तर १५ लिटर. गॅसची २३० ची डबी आणि बर्नर मिळून साडेचारशेच्या आसपास. स्पिरिट, बाटली, स्टोव्ह मिळूनही तेवढंच. दोघं असतील तर ही बरोबरी पाचव्या दिवशीच होते. दुकानातल्या कार्डावर हा हिशोब लिहिलेला नसतो, आणि पंचवीस ग्रॅमच्या बर्नरसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी तो एकदा करून बघावा. त्या चिमुकल्या बर्नरचे पायही अरुंद असतात. वर मोठं भांडं ठेवलं की डगमगतं.

गॅस का दमतो

डबीत गॅस द्रवरूपात असतो आणि वायू होऊन बाहेर येतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो डबीतूनच ओढतो, म्हणून जळता जळता डबी गार पडते. हात लावून बघा: आधी दमट, मग बाहेरून दवाचे थेंब, थंडीत तर पांढरा हिमाचा थर. डबी गारठली की दाब पडतो आणि ज्योत मलूल होते.

डबीतला गॅस म्हणजे ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन यांपैकी एक किंवा त्यांचं मिश्रण. साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास तो बाहेर यायलाच तयार नसतो. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. थंडीत जायचं असेल तर डबीवरचं मिश्रण वाचा. नुसता ब्युटेन असेल तर नको. प्रोपेन आधी संपत जातो, म्हणून अर्धी झालेली डबी थंडीत भरलेल्या डबीपेक्षा लवकर दगा देते.

उपाय सोपा आहे. रात्री डबी स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. स्वयंपाकाच्या वेळी ती उथळ ताटलीत कोमट पाण्यात ठेवा. आगीजवळ किंवा ज्योतीवर डबी कधीही तापवायची नाही.

पेटवताना

१. सपाट, घट्ट जागा बघा. आजूबाजूचं वाळलं गवत, पालापाचोळा हातभर तरी बाजूला करा.

२. कॉक पूर्ण बंद करून बर्नर डबीवर सरळ धरा आणि हाताने आवळा. आटे तिरके बसले तर जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा. बसताना क्षणभर फुस्स होणं ठीक. आवाज किंवा वास येतच राहिला तर काढून टाका आणि रबरी रिंग तपासा. शंका असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

३. आधी लायटर पेटवून बर्नरजवळ न्या, मग कॉक किंचित उघडा. तोंड बाजूला. बर्नरच्या बटणाची ठिणगी उंचीवर आणि दमट हवेत रुसते, म्हणून वेगळा लायटर हवाच.

४. पहिलं मिनिटभर ज्योत लहान ठेवा, डबी हलवू-तिरकी करू नका. द्रव गॅस बर्नरमध्ये गेला तर हातभर पिवळी ज्वाळा उठते. डबी उलटी करून चालणारे स्टोव्ह वेगळे: त्यांची डबी नळीने जोडलेली असते आणि गॅसची नळी ज्योतीतून तापून जाते.

५. झाकण लावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर दिसली तर कमी करा.

स्पिरिटची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. विझलाय समजून जळत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतणं हा सर्वांत वाईट अपघात. बराच वर हात धरून उष्णता बघा, पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा.

वारा आणि आडोसा

गॅस कशात जातो असं विचाराल तर बहुतेक वेळा वाऱ्यात. मंद वाऱ्यातही लागणारा गॅस दुप्पट होऊ शकतो, आणि जोराच्या वाऱ्यात पाणी नुसतं कोमट होऊन थांबतं. दगड, सॅक, जमिनीतला खळगा, जे असेल ते वाऱ्याच्या बाजूला आणा. स्पिरिटच्या स्टोव्हला पत्र्याचा आडोसा गोल गुंडाळला तरी चालतो, खाली हवेला जागा ठेवली की झालं. पण डबीवर बसणाऱ्या गॅसच्या स्टोव्हला चारी बाजूंनी आडोसा कधीच नको. उष्णता कोंडून डबी तापते आणि ती फुटू शकते. एक बाजू मोकळी ठेवा, अधूनमधून डबीला हात लावा. कोमट लागली तरी आडोसा काढा. डबीपेक्षा फार रुंद भांडंही हेच करतं.

तंबूत नको

पाऊस असो वा थंडी, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कापड पेटतं ते दिसतं तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाहेर उभं राहणं अशक्यच असेल तर दारापुढच्या छपराखाली, दोन्ही बाजू उघड्या ठेवून.

उंचीवर आणखी एक गोष्ट: ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. शिजवायचं ते आधी भिजवून ठेवा, नाहीतर गॅस संपतो आणि दाणे कच्चेच राहतात.

उरलेला गॅस, रिकामी डबी, प्रवास

नवी डबी घरी वजनकाट्यावर ठेवून आकडा तिच्यावरच लिहा. परतल्यावर पुन्हा मोजलं की किती जळला ते कळतं, आणि पुढच्या वेळचा हिशोब तुमच्या सवयीचा होतो. रिकामी डबी शेकोटीत टाकू नका, परत आणा. पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तिला भोक पाडू नका.

विमानात गॅसची डबी हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानातही नाही. रॉकेल-पेट्रोलचा वास येणारा वापरलेला स्टोव्हही अडवला जातो. धुऊन, वाळवून न्या आणि विमान कंपनीला आधी विचारा. ज्या गावी उतरणार तिथे कोणत्या व्हॉल्व्हची डबी मिळते हेही निघण्याआधी पाहून ठेवा. आट्यांचा बर्नर आणि खटक्याची (आटे नसलेली, खटक्याने अडकणारी) डबी एकमेकांना मधल्या जोडणीशिवाय बसत नाहीत.